जोसेफ फूरिये

ज्याँ-बाप्तिस्त जोसेफ फूरिये (जन्म: २१ मार्च १७६८, ओसेर, फ्रान्स – मृत्यू: १६ मे १८३०, पॅरिस) हे फ्रेंच गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि प्रशासक होते. घन पदार्थांतून उष्णता कशी वाहते याचा गणिती सिद्धांत त्यांनी प्रथम पूर्णत्वाने मांडला. या सिद्धांतासाठी त्यांनी योजलेली त्रिकोणमितीय श्रेढी 'फूरिये श्रेढी' या नावाने आणि उष्णतावहनाचा मूलभूत नियम 'फूरियेचा नियम' या नावाने ओळखला जातो. भारतातील अनेक पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव 'फुरियर' असेही लिहिलेले आढळते.

फूरिये यांचे मुख्य संशोधन विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत झाले नाही. एका डोंगराळ जिल्ह्याचा कारभार पाहत असताना त्यांनी ते सिद्धीस नेले. १८०७ मध्ये सादर झालेला त्यांचा प्रबंध त्या काळच्या श्रेष्ठ गणितज्ञांनी स्वीकारला नाही आणि त्यावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध व्हायला १८२२ साल उजाडले. परीक्षकांनी दाखवलेल्या तार्किक उणिवा खऱ्या होत्या, आणि फूरिये यांनी काढलेली उत्तरेही खरी होती. या दोहोंचा मेळ घालण्यात पुढे शतकाहून अधिक काळ गेला व त्यातूनच आधुनिक गणिती विश्लेषणाचा मोठा भाग उभा राहिला.

बालपण आणि शिक्षण

फूरिये यांचा जन्म बर्गंडी प्रांतातील ओसेर या गावी एका शिंप्याच्या कुटुंबात झाला. वडिलांच्या दुसऱ्या विवाहातून झालेल्या बारा अपत्यांपैकी ते नववे होते. ते नऊ वर्षांचे असताना आईचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी वडीलही वारले. अनाथ झालेल्या या मुलाची हुशारी गावातील जाणत्या माणसांच्या लक्षात आली व बेनेडिक्टाइन संन्याशांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या ओसेरच्या लष्करी विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. सुरुवातीला त्याला साहित्याची ओढ होती. वयाच्या तेराव्या वर्षापासून मात्र गणिताने त्याचा ताबा घेतला.

तोफखान्यात किंवा अभियंता दलात अधिकारी व्हावे, अशी फूरिये यांची इच्छा होती. तत्कालीन फ्रान्समध्ये अशा पदांसाठी उमराव घराण्यातील जन्म आवश्यक मानला जाई. शिंप्याच्या मुलाला तो मार्ग बंद होता. १७८७ मध्ये त्यांनी ल्वार नदीकाठच्या सँ-बन्वा येथील मठात धर्मदीक्षेची तयारी सुरू केली; परंतु अंतिम शपथ न घेताच १७८९ मध्ये ते मठातून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसला जाऊन विज्ञान अकादमीपुढे बैजिक समीकरणांवरील निबंध वाचला. पुढच्या वर्षी ते ओसेरमधील आपल्याच विद्यालयात शिक्षक म्हणून रुजू झाले.

फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ

जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेचा अनुभव घेतलेल्या फूरिये यांना क्रांतीची समतेची हाक जवळची वाटली. १७९३ मध्ये ते ओसेरच्या क्रांतिकारी समितीचे सदस्य झाले. पुढे दहशतीचे पर्व सुरू झाले तेव्हा ते अस्वस्थ झाले. ऑर्लेआँ येथे छळ झालेल्या काही कुटुंबांची बाजू त्यांनी घेतली आणि त्यामुळे तेथील सत्ताधारी गटाचा रोष ओढवून घेतला. जुलै १७९४ मध्ये त्यांना अटक झाली. गिलोटिनची शिक्षा होण्याची शक्यता होती; परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस रोबेस्पियेर यांची सत्ता कोसळली आणि राजबंद्यांबरोबर फूरियेही सुटले.

१७९५ च्या आरंभी पॅरिसमध्ये शिक्षक घडवण्यासाठी 'एकोल नॉर्माल' ही संस्था सुरू झाली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत फूरिये होते. तेथे लाग्रांज, लाप्लास आणि माँज यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. लवकरच 'एकोल पोलितेक्निक' या नव्या अभियांत्रिकी संस्थेत ते शिकवू लागले. क्रांतिकाळातील भूमिकेवरून १७९५ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. एकदा अतिरेकी गटाचा विरोधक म्हणून आणि दुसऱ्यांदा त्याच गटाचा पाठीराखा म्हणून त्यांना तुरुंग भोगावा लागला. या वेळीही सुटका झाली आणि १७९७ मध्ये विश्लेषण व यामिकी या विषयांच्या अध्यासनावर लाग्रांज यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली.

इजिप्तची मोहीम

१७९८ मध्ये नेपोलियन बोनापार्ट यांच्या इजिप्त मोहिमेत सैन्याबरोबर विद्वानांचा एक मोठा गट गेला. फूरिये त्या गटात होते. कैरो येथे स्थापन झालेल्या इजिप्त संस्थेचे ते सचिव झाले. ऑगस्ट १७९८ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने नाईलच्या मुखाजवळ फ्रेंच आरमाराचा पराभव केल्यावर मोहिमेचा मायदेशाशी संपर्क जवळजवळ तुटला. या परिस्थितीत फूरिये यांच्यावर संशोधनाबरोबरच प्रशासन, न्यायदान व वाटाघाटी यांच्याही जबाबदाऱ्या पडल्या. ते १८०१ मध्ये फ्रान्सला परतले.

मोहिमेत जमवलेल्या माहितीवरून 'इजिप्तचे वर्णन' हा अनेक खंडांचा ग्रंथ तयार करण्यात आला. त्याची ऐतिहासिक प्रस्तावना फूरिये यांनी लिहिली. पहिला भाग १८०९ मध्ये बाहेर पडला.

ग्रेनोबल येथील प्रशासक

इजिप्तहून परतल्यावर पुन्हा अध्यापन करावे, असा फूरिये यांचा मानस होता. नेपोलियनने मात्र १८०२ मध्ये त्यांना इझेर जिल्ह्याचे प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्याचे सर्वोच्च शासकीय अधिकारी, नेमले. आल्प्सच्या पायथ्याचे ग्रेनोबल हे त्यांचे मुख्य ठाणे झाले व १८१५ पर्यंत ते तेथे राहिले.

बुर्ग्वें परिसरातील विस्तीर्ण दलदलीचा निचरा हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे काम समजले जाते. या दलदलीमुळे आसपासच्या गावांत तापाची साथ वारंवार येई. निचऱ्याची योजना जुनी होती. पण जमिनीवरील हक्कांच्या वादामुळे ती अडकून पडली होती. फूरिये यांनी अनेक गावांच्या प्रतिनिधींशी बोलणी करून त्यांची संमती मिळवली. ग्रेनोबलहून इटलीतील तुरीनकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या कामावरही त्यांनी देखरेख केली.

ग्रेनोबलमध्येच त्यांचा शाम्पोल्यों बंधूंशी परिचय झाला. त्यांपैकी धाकट्या ज्याँ-फ्रान्स्वा शाम्पोल्यों यांच्या अभ्यासाला फूरिये यांनी प्रोत्साहन दिले. याच शाम्पोल्यों यांनी पुढे १८२२ मध्ये प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे वाचन करून दाखवले. फूरिये यांचा उष्णतेवरील ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

उष्णतावहनाचा सिद्धांत

शासकीय कामाच्या व्यापातून वेळ काढून फूरिये यांनी ग्रेनोबल येथे उष्णतेचा अभ्यास केला. त्यापूर्वी १८०४ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त बियो यांनी तापवलेल्या दांड्यावर प्रयोग केले होते. दांड्याच्या आतून पुढे सरकणारी उष्णता आणि त्याच्या पृष्ठावरून हवेत जाणारी उष्णता यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडता न आल्याने बियो यांचे समीकरण पूर्ण होऊ शकले नव्हते. फूरिये यांनी या दोन क्रिया वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीसाठी पदार्थाचा स्वतंत्र गुणधर्म मानला.

आज फूरियेचा नियम म्हणून शिकवले जाणारे विधान साधे आहे. एखाद्या पृष्ठातून दर सेकंदाला पार होणारी उष्णता त्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या, पृष्ठाशी काटकोनात मोजलेल्या तापमानाच्या उताराच्या आणि पदार्थाच्या वाहकतेच्या प्रमाणात असते; प्रवाह नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे होतो. समांतर पृष्ठांचा एक स्लॅब घेतला आणि त्याच्या दोन बाजूंची तापमाने कायम ठेवली, तर क्षेत्रफळ दुप्पट केल्यास पार होणारी उष्णता दुप्पट होते आणि जाडी दुप्पट केल्यास ती निम्म्यावर येते. पदार्थानुसार वाहकतेत प्रचंड फरक असतो. तांब्याची वाहकता साध्या काचेच्या सुमारे ४०० पट आहे.

उष्णता हे सूक्ष्म द्रव्य आहे की कणांची गती आहे, हा त्या काळातील मोठा वाद होता. फूरिये यांनी आपला सिद्धांत या वादापासून अलिप्त ठेवला. उष्णता काय आहे हे ठरवण्याऐवजी ती कशी वाहते हे मोजता येईल अशा राशींच्या साहाय्याने त्यांनी मांडले. पुढे उष्णताद्रव्याची कल्पना विज्ञानाने टाकून दिली, तरी फूरिये यांची समीकरणे तशीच टिकली.

वरील नियम आणि उष्णतेच्या अक्षय्यतेचे तत्त्व यांना एकत्र करून त्यांनी तापमानाचे आंशिक अवकल समीकरण मिळवले. एखाद्या बिंदूचे तापमान भोवतालच्या बिंदूंच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर ते वाढते, जास्त असेल तर घटते आणि हा फरक जितका मोठा तितका बदलाचा वेग अधिक, असा या समीकरणाचा आशय आहे. फूरिये यांनी लोखंडी कडे तापवून त्यावरील निरनिराळ्या बिंदूंची तापमाने मोजली आणि गणिताने काढलेल्या उत्तरांशी ती ताडून पाहिली.

अमर्याद स्लॅबचा प्रश्न

त्रिकोणमितीय श्रेढीचे सामर्थ्य दाखवण्यासाठी फूरिये यांनी निवडलेला प्रश्न घन स्लॅबचा होता. दोन समांतर पृष्ठांमध्ये एक घन पदार्थ आहे आणि एका दिशेने तो अमर्याद लांब आहे. त्याचा पाया उकळत्या पाण्याच्या तापमानाला आणि दोन्ही समांतर बाजू बर्फाच्या तापमानाला कायम ठेवल्या आहेत. बराच काळ लोटल्यावर आतील प्रत्येक बिंदूचे तापमान किती असेल, असा हा प्रश्न आहे.

फूरिये यांनी प्रथम अशी साधी उत्तरे शोधली, ज्यांत स्लॅबच्या रुंदीच्या दिशेने तापमान कोज्या-लहरीप्रमाणे बदलते आणि लांबीच्या दिशेने घातांकी रीतीने घटत जाते. पहिल्या लहरीनंतर तिसरी, पाचवी, सातवी अशा विषम लहरी येतात. लहर जितकी आखूड तितकी ती लवकर विरते. एकटी लहर पायाचे सपाट तापमान दर्शवू शकत नाही. मात्र एकआड एक चिन्ह बदलून पहिली लहर पूर्ण, तिसरी एक तृतीयांश, पाचवी एक पंचमांश अशा प्रमाणात या लहरी मिळवत गेल्यास त्यांची बेरीज पायावर सर्वत्र सारखी आणि कडांशी एकदम शून्य होते.

या उत्तराचा भौतिक अर्थही स्पष्ट आहे. पायापासून स्लॅबच्या जाडीइतक्या अंतरावर पुढच्या लहरी जवळजवळ नाहीशा होतात आणि पहिलीच लहर उरते. बर्फाचे तापमान ० व पायाचे १०० मानल्यास, तेथे स्लॅबच्या मध्यभागी तापमान सुमारे ५.५ असते. गुंतागुंतीच्या तापमान-रचनेचे साध्या लहरींत पृथक्करण करणे, प्रत्येक लहरीचे पुढे काय होते ते स्वतंत्रपणे पाहणे आणि शेवटी सर्वांची बेरीज करणे, ही फूरिये यांची पद्धत या एका उदाहरणात पूर्ण दिसते. याच रीतीने त्यांनी कडे, गोल, दंडगोल, प्रिझम आणि घन यांचे प्रश्न सोडवले. एकाबाहेर एक अशा अनेक भिंतींनी वेढलेल्या बंद जागेच्या उबेचाही त्यांनी विचार केला.

विरोध आणि विलंब

फूरिये यांचा प्रबंध २१ डिसेंबर १८०७ रोजी पॅरिसच्या संस्थेपुढे सादर झाला. लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रवा हे त्याचे परीक्षक होते. कोणतेही फलन ज्या व कोज्या यांच्या श्रेढीने दर्शवता येते, हे फूरिये यांचे प्रतिपादन लाग्रांज यांना मान्य झाले नाही. कंप पावणाऱ्या तारेच्या प्रश्नावरून दालांबेर, ऑयलर आणि डॅनियल बर्नूली यांच्यात अठराव्या शतकात हाच वाद झाला होता आणि लाग्रांज यांनीही त्यात भाग घेतला होता. गुळगुळीत लहरींच्या बेरजेतून तुटक, कोपरे असलेले फलन कसे निर्माण होईल आणि अनंत पदांची ती बेरीज ठरावीक मूल्याकडे जाते याचा पुरावा काय, हे त्यांचे आक्षेप होते. समीकरण मिळवण्याच्या रीतीवर बियो यांनी हरकत घेतली. प्रबंध छापला गेला नाही.

घन पदार्थांतील उष्णतेचा प्रसार हाच विषय संस्थेने १८११ च्या पारितोषिकासाठी जाहीर केला. फूरिये यांनी आपला प्रबंध वाढवून पाठवला. त्यांच्याखेरीज एकच स्पर्धक होता. पारितोषिक फूरिये यांना मिळाले. पण रीतीच्या व्यापकतेबद्दल आणि काटेकोरपणाबद्दल परीक्षकांनी असमाधान नोंदवले. परिणामी हा प्रबंधही त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. आपल्याच गुरूंकडून आलेला हा निर्णय फूरिये यांना लागला. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि संशोधनाला ग्रंथाचे रूप देण्यास सुरुवात केली.

नेपोलियनचे पुनरागमन आणि पॅरिस

१८१४ मध्ये नेपोलियन पदच्युत झाले, तरी नव्या राजवटीत फूरिये यांचे पद कायम राहिले. मार्च १८१५ मध्ये एल्बा बेटावरून निसटलेले नेपोलियन सैन्यासह ग्रेनोबलकडे निघाले. राजाचा अधिकारी म्हणून फूरिये यांनी त्यांना विरोध करण्याची घोषणा केली आणि ते शहर सोडून गेले. नेपोलियनने त्यांना क्षमा करून काउंट ही पदवी दिली व लियाँ हे मुख्य ठाणे असलेल्या रोन जिल्ह्याचे प्रीफेक्ट नेमले. हे पद काही आठवड्यांतच त्यांच्याकडून गेले. वॉटर्लूच्या पराभवानंतर परतलेल्या राजवटीच्या दृष्टीने फूरिये हे नेपोलियनचे माणूस ठरले.

पॅरिसमध्ये आलेल्या फूरिये यांना उत्पन्नाचे साधन राहिले नव्हते. सेन जिल्ह्याचे प्रीफेक्ट शाब्रोल हे त्यांचे जुने विद्यार्थी होते. त्यांनी फूरिये यांच्याकडे सांख्यिकी विभागाचे काम सोपवले. १८२१ पासून प्रसिद्ध झालेले पॅरिस शहराविषयीचे सांख्यिकी खंड त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, तेव्हा अठराव्या लुईने तिला संमती नाकारली. पुढच्या वर्षी पुन्हा झालेली निवड मात्र मान्य झाली.

१८२२ मध्ये दलांब्र यांच्या निधनानंतर फूरिये अकादमीच्या गणित विभागाचे कायम सचिव झाले. त्याच वर्षी 'उष्णतेचा वैश्लेषिक सिद्धांत' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८११ चा पारितोषिकप्राप्त प्रबंध त्यांनी अकादमीच्या खंडांत १८२४ व १८२६ मध्ये छापून घेतला. १८०७ चे मूळ हस्तलिखित मात्र १९७२ मध्येच प्रकाशात आले.

सचिव म्हणून त्यांनी तरुण संशोधकांना आधार दिला. जर्मनीहून आलेले दिरिख्ले त्यांच्या सहवासात वाढले. स्त्रियांना अकादमीचे दरवाजे बंद असतानाच्या काळात सोफी जेर्में यांना बैठकींना उपस्थित राहता यावे, यासाठी त्यांनी साहाय्य केले. १८३० मध्ये एव्हारिस्त गाल्वा यांनी पारितोषिकासाठी पाठवलेला निबंध फूरिये यांच्याकडे होता. फूरिये यांच्या मृत्यूनंतर तो सापडला नाही.

पृथ्वीच्या तापमानाचा अभ्यास

१८२४ मध्ये फूरिये यांनी पृथ्वीच्या व अवकाशाच्या तापमानावर निबंध लिहिला आणि १८२७ मध्ये तो सुधारित रूपात पुन्हा प्रसिद्ध झाला. सूर्यप्रकाश वातावरणातून सहज आत येतो, पण तापलेल्या जमिनीकडून परत जाणाऱ्या अदृश्य उष्णतेला हवेचा अडथळा होतो, असा विचार त्यांनी मांडला. या संदर्भात त्यांनी सोस्यूर यांच्या काचेच्या झाकणांच्या पेटीवरील प्रयोगाचा आधार घेतला. अवकाशाचे तापमान ध्रुवप्रदेशातील तापमानाच्या जवळपास असावे, हा त्यांचा अंदाज मात्र चुकीचा ठरला. वातावरणातील कोणते वायू उष्णता अडवतात हे पुढे टिंडल यांनी प्रयोगाने दाखवले आणि १८९६ मध्ये अऱ्हेनियस यांनी कर्बवायूच्या परिणामाचे गणित मांडले. हरितगृह परिणामाच्या इतिहासात म्हणून फूरिये यांचे नाव आरंभी येते.

व्यक्तिमत्त्व आणि मृत्यू

फूरिये अविवाहित होते. ते उत्तम वक्ते होते आणि शिकवताना विषयाचा इतिहास व उपयोग सांगण्यावर त्यांचा भर असे. इजिप्तहून परतल्यापासून त्यांना थंडी सहन होत नसे. खोली अतिशय उबदार ठेवून जाड कपडे अंगावर घेऊन ते बसत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. अखेरच्या वर्षांत त्यांना श्वसनाचा व हृदयाचा त्रास होता. मे १८३० च्या आरंभी ते जिन्यावरून पडले आणि १६ मे रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पेर-लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तिच्यावर इजिप्शियन धाटणीची सजावट आहे. समीकरणांवरील त्यांचा अपूर्ण ग्रंथ नाव्हिए यांनी पुरा करून १८३१ मध्ये प्रसिद्ध केला.

गणितावरील परिणाम

कोणत्या अटींखाली फूरिये श्रेढी खरोखर अभिसारी असते, हे दिरिख्ले यांनी १८२९ मध्ये प्रथम काटेकोरपणे सिद्ध केले. रीमान यांनी १८५४ मध्ये याच प्रश्नासाठी समाकलाची नवी व्याख्या केली. त्रिकोणमितीय श्रेढीच्या एकमेवतेचा विचार करताना कँटर यांना संचसिद्धांताची दिशा सापडली. १८७३ मध्ये द्यू ब्वा-रेमाँ यांनी असे संतत फलन दाखवले की ज्याची फूरिये श्रेढी एका बिंदूवर अभिसारी नसते. लाग्रांज यांची शंका निराधार नव्हती, हे यावरून स्पष्ट झाले. दुसरीकडे, कोणत्याही संतत फलनाची श्रेढी जवळजवळ प्रत्येक बिंदूवर अभिसारी असते, हे कार्लेसन यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले आणि फूरिये यांच्या विश्वासातील तथ्यही अधोरेखित झाले.

स्लॅबमधील नळ्या आणि आकाराचा प्रश्न

फूरिये यांच्या सिद्धांताचा अभियांत्रिकीला झालेला एक मोठा लाभ म्हणजे पदार्थाचा गुण आणि वस्तूचा आकार यांची फारकत. दोन पृष्ठांची तापमाने कायम असतील, तर त्यांच्यामध्ये वाहणारी उष्णता ही वाहकता, तापमानातील फरक आणि केवळ भूमितीवर अवलंबून असणारी एक संख्या यांचा गुणाकार असते. १९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भट्ट्यांच्या भिंतींसाठी या संख्येचा पद्धतशीर अभ्यास केला. तिला आकार गुणक म्हणता येईल. सपाट स्लॅबसाठी तो क्षेत्रफळ भागिले जाडी इतका असतो. नळीच्या भिंतीसाठी बाहेरच्या व आतल्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम येतो. त्यामुळे हे गुणोत्तर २ वरून ४ केले तर उष्णता निम्मी होते.

जमिनीखालून गरम पाणी खेळवून खोली उबदार ठेवणे किंवा काँक्रीटचा स्लॅब नळ्यांनी थंड करणे, या कामांत स्लॅब आणि नळी एकत्र येतात. २० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबच्या मध्यभागी २ सेंटिमीटर व्यासाची एक गोल नळी आहे आणि स्लॅबची दोन्ही पृष्ठे सारख्या तापमानाला आहेत, असे मानू. नळीचा व्यास ४ सेंटिमीटर केला, तर तिचे पृष्ठ दुप्पट होते. पण वाहणारी उष्णता सुमारे ३७ टक्केच वाढते. उष्णतेला होणारा अडथळा नळीच्या पृष्ठावर साठलेला नसून भोवतालच्या पदार्थात पसरलेला असतो, हे त्याचे कारण आहे.

नळीचा छेद कोणत्या आकाराचा असावा, हा यापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर काय कायम ठेवले आहे यावर अवलंबून असते. स्लॅब नळीच्या मानाने पुष्कळ जाड असेल आणि छेदाचे क्षेत्रफळ ठरलेले असेल, तर वर्तुळाकार नळीतून सर्वांत कमी उष्णता जाते. अशा आकारविषयक असमानतांचा सखोल विचार जॉर्ज पोल्या आणि गाबोर सेगो यांच्या १९५१ च्या ग्रंथात आहे. म्हणून उष्णता राखायची असेल तर गोल नळी हितावह ठरते. उष्णता बाहेर काढायची असेल तर तेवढ्याच क्षेत्रफळाची चपटी नळी अधिक काम करते आणि तिच्या कडा स्लॅबच्या पृष्ठांकडे वळवल्यास उष्णतेचा मार्ग आणखी आखूड होतो. मात्र चपट्या नळीला धातू अधिक लागतो, ती आतील दाब कमी सहन करते आणि तिच्यातील पाण्याला घर्षणही जास्त होते. स्लॅब पातळ असेल किंवा नळ्या एकमेकींच्या जवळ असतील, तर उत्तर पुन्हा बदलते. अशा प्रश्नांत संगणकाने शेकडो आकार तपासले जातात. प्रत्येक वेळी सोडवले जाते ते फूरिये यांचेच समीकरण.

इतर क्षेत्रांतील प्रभाव

ओम यांनी १८२७ मध्ये विद्युतप्रवाहाचा नियम मांडताना उष्णतेच्या वहनाचे उदाहरण समोर ठेवले होते. फिक यांनी १८५५ मध्ये द्रवातील विसरणासाठी त्याच घडणीचा नियम सुचवला. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी किशोरवयातच फूरिये यांचा ग्रंथ वाचला होता. त्यातील समीकरण वापरून त्यांनी पृथ्वीचे वय काढले. पृथ्वीच्या अंतर्भागाविषयी त्यांनी धरलेली गृहीतके अपुरी असल्यामुळे ते उत्तर फार कमी आले. समीकरणात मात्र दोष नव्हता.

१९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी जलद फूरिये रूपांतराची संगणकीय रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून ध्वनीचे विश्लेषण, दूरसंचार आणि एमआरआय प्रतिमा यांत फूरिये यांची पद्धत नित्याची झाली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फूरिये श्रेढी व फूरिये रूपांतर हे विषय पदवी अभ्यासक्रमातच शिकावे लागतात.

सन्मान व स्मृती

१८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने फूरिये यांना परदेशी सदस्यत्व दिले आणि १८२६ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या नावांत त्यांचे नाव आहे. ओसेर येथे १८४९ मध्ये त्यांचा कांस्य पुतळा उभारण्यात आला होता. दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी तो वितळवण्यात आला. ग्रेनोबल येथील एक विद्यापीठ अनेक वर्षे त्यांच्या नावाने ओळखले जात होते. २०१६ मध्ये ते ग्रेनोबल आल्प्स विद्यापीठात विलीन झाले.